परक्याची नजर आणि घरची साक्ष

पाणी कसे प्यावे, ही गोष्ट इतिहासाच्या ग्रंथात लिहून ठेवण्याजोगी आहे असे आपल्याकडील कोणाही शहाण्या मनुष्यास वाटले नसते. तांब्या उचलावा, मान किंचित मागे करावी, ओठांस भांडे न लावता धार घशात सोडावी; झाले. हे आपण लहानपणी केव्हा शिकलो याचेही आपणांस स्मरण नसते. परंतु १५८३ च्या सप्टेंबर महिन्यात गोव्याच्या बंदरात उतरलेल्या यान हुइघेन व्हान लिन्शोतेन नावाच्या डच तरुणास हे दृश्य इतके नवलाचे वाटले की, त्याने ते आपल्या ग्रंथात तपशिलाने लिहून ठेविले. गोव्याचे आर्चबिशप व्हिसेंत द फोन्सेका यांच्या पदरी तो लेखनिक होता. पाच वर्षे तो गोव्यात राहिला, आणि १५९६ साली आम्स्टरडॅम येथे त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. त्यात राज्ये, बंदरे, मिरी आणि दालचिनी यांचा हिशेब तर आहेच. पण त्याच ग्रंथात येथील लोक तांब्याच्या झारीने पाणी कसे पितात, भांड्यास ओठ कसे लावीत नाहीत, आणि गोव्यातील पोर्तुगीजांनीही हीच रीत कशी उचलली आहे, हेही आहे. काळ्या मातीच्या नाजूक सुरईस पोर्तुगीज 'गोर्गोलेता' म्हणत. तिच्यातून वरून पाणी पिताना पोर्तुगालहून नव्याने आलेल्या मनुष्याच्या छातीवर सारे पाणी सांडे, आणि जुने रहिवासी त्यास हसत.

या लहानशा चित्रात केवढा इतिहास भरला आहे! ज्यांनी १५१० साली तलवारीने गोवा घेतला, ज्यांनी १५६० साली तेथे इन्क्विझिशनचे न्यायासन मांडले, त्याच राज्यकर्त्यांच्या घरातील पाण्याच्या भांड्यावर मात्र येथील उष्ट्याखरकट्याच्या नियमाची सत्ता चालत होती. किल्ले त्यांचे होते, कायदा त्यांचा होता. सुरई कशी धरावी हे मात्र ते आपल्याकडून शिकले. असा पुरावा कोणत्याही तहनाम्यात सापडत नाही. तो सापडतो तो एका परक्या मुलाच्या वहीत. आणि त्याचे कारण एवढेच की, तो परका होता.

आम्ही व्यवसायाने वकील आहोत. कोणतीही हकीकत ऐकली की, ती कोण सांगतो आहे, त्याने ती स्वतः पाहिली की ऐकली, आणि सांगण्यात त्याचा हेतू काय, हे प्रश्न आमच्या मनात आपोआप उभे राहतात. आपल्या प्रदेशातील, म्हणजे बेळगावपासून घाट उतरून गोव्यापर्यंतच्या या पट्ट्यातील, जुन्या काळचे रोजचे जिणे कसे होते हे शोधू लागलो की, साक्षीदारांच्या पिंजऱ्यात प्रथम उभे राहतात ते हे परदेशी प्रवासी. त्यांचे म्हणणे ऐकावे, त्यांची उलटतपासणी करावी, आणि मग घरच्या साक्षीदारांना बोलवावे, असा या लेखाचा क्रम आम्ही योजिला आहे.

लिन्शोतेनने आपल्या घाटावरील मुलखास 'बालागाट' म्हटले आहे, आणि तिकडून गोव्यात माल येतो हे नोंदविले आहे. कैरीचे मिठातील लोणचे, काजू, फणस, नारळाच्या झाडाचे नाना उपयोग, या साऱ्यांची त्याने चवीने वर्णने केली. त्याच्या ग्रंथातील ताम्रपटांवरील चित्रांत गोव्याचा भर रस्त्यातील लिलावबाजार आहे, पालखी आहे, शेतकऱ्याचे घर आहे. त्याच्यामागून १६०८ साली गोव्यास आलेला फ्रेंच खलाशी पिरार द लाव्हाल हा आजारी अवस्थेत तेथील राजरुग्णालयात दाखल झाला. रोग्यांस चिनी मातीच्या थाळ्यांतून अन्न मिळते हे पाहून तो थक्क झाला. घरांच्या खिडक्यांस काचेऐवजी घासून पातळ केलेले शिंपले लाकडी चौकटीत बसवितात, हेही त्याने पाहिले. गोव्यातील जुन्या घरांत अशा खिडक्या आजही आढळतात. त्यांतून येणारा दुधी, मऊ उजेड ज्यांनी पाहिला आहे त्यांस त्या कारागिराची योजकता सांगावी लागत नाही. दुपारचे ऊन अडवावे आणि उजेड मात्र आत घ्यावा, हे काम शिंपला काचेपेक्षा अधिक समजुतीने करतो.

परंतु या सर्व प्रवाशांत आम्हांस अधिक जवळचा वाटतो तो रोमचा पिएत्रो देल्ला व्हाल्ले. हा मोठ्या घराण्यातील गृहस्थ पूर्वेकडे हिंडत असता बगदादला सित्ती मआनी नावाच्या तरुणीच्या प्रेमात पडला आणि त्याने तिच्याशी विवाह केला. ती १६२१ च्या अखेरीस इराणात वारली. तिचा देह औषधिद्रव्यांनी जतन करून त्याने पेटीत ठेविला, आणि ती पेटी घेऊनच तो १६२३ साली हिंदुस्थानात आला. पुढे रोमला परतल्यावर १६२७ साली त्याने तिचा दफनविधी केला. ज्याच्या सामानात असे दुःख होते त्या मनुष्याने आपल्याकडील घरांच्या जमिनीकडे, पोरांच्या पाठांतराकडे आणि देवळांच्या मांडणीकडे इतक्या शांत, प्रसन्न दृष्टीने पाहावे, ही गोष्ट त्याच्याविषयी आदर उत्पन्न करते.

१६२३ च्या ऑक्टोबरात तो पोर्तुगीज वकिलातीबरोबर गोव्याहून समुद्रमार्गे होन्नावरला आणि तेथून घाट चढून इक्केरीच्या वेंकटप्पा नायकाच्या राजधानीस गेला. या नायकाच्या वतीने गोव्यास आलेला जो ब्राह्मण वकील या प्रवासात होता, त्याचे नाव देल्ला व्हाल्ले 'वितुला सिनाय' असे लिहितो. आमच्या कोकणी वाचकांस हे नाव उकलण्यास कष्ट पडणार नाहीत. हा कोणी विठ्ठल शेणैच असला पाहिजे. कानडी राजाचा कारभार, कोकणी नावाचा वकील, समोर पोर्तुगीज सरकार आणि लिहून ठेवणारा रोमन! आपला हा सीमाप्रदेश तेव्हाही असाच चार भाषांच्या वर्दळीचा होता.

या वाटेवर देल्ला व्हाल्लेने शेणाने सारवलेली जमीन पाहिली. युरोपियन मनुष्य शेणाचे नाव ऐकून नाक मुरडील अशी आपली समजूत असते. या गृहस्थाने तसे केले नाही. जमीन गुळगुळीत व सुबक दिसते, तिला शोभा येते, काही दिवसांनी ती पुन्हा नवी करितात, आणि गोव्यातील पोर्तुगीजही आपल्या घरांत हाच उपाय करितात, असे त्याने लिहिले. ही कृती त्याने मुद्दाम पाहून घेतली. कारण इटलीतील घरांत तिचा प्रयोग करून पाहावा असे त्याच्या मनात होते. अशी जमीन प्लेगवर गुणकारी असते असे लोक म्हणतात, हेही त्याने नमूद केले. त्या गुणाची ग्वाही आज कोणताही वैद्य देणार नाही. पण ज्या कामास आपल्या घरातील मोलकरणीचे काम म्हणून कोणी ढुंकूनही पाहिले नाही, ते एका रोमन सरदाराने विद्या म्हणून पाहिले, हा भाग लक्षात घेण्याजोगा आहे.

त्याच प्रवासात एका हनुमंताच्या देवळाच्या ओवरीत त्याने चार मुले गणित शिकताना पाहिली. जमिनीवर बारीक वाळू पसरून ती बोटाने आकडे लिहीत आणि सुरात म्हणत. म्हटले की ते मनात ठसे, आणि लिहिले की डोळ्यांत. कागद लागत नव्हता, खर्च नव्हता. वाळू भरली की पुसून पुन्हा पसरावी. अडले तर कोणास विचारता, असे त्याने पुसले. आम्ही एकमेकांस सांगतो, चौघे एकाच वेळी अडत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यास मिळाले. आपल्या पंतोजींच्या शाळांची, पाढ्यांची आणि धूळपाटीची याहून जिवंत साक्ष आम्ही तरी वाचलेली नाही.

आता उलटतपासणी. हे साक्षीदार प्रामाणिक आहेत हे मान्य करूनही त्यांच्या साक्षीस दोन मोठ्या मर्यादा आहेत. पहिली ही की, परका मनुष्य जे थोडे पाहतो त्यावरून सर्वांविषयी बोलतो. याचे उत्तम उदाहरण रायगडावरचे आहे. १६७४ साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्सिंडेन हा इंग्रज वकील रायगडावर काही आठवडे राहिला होता. तेथे मुख्य अन्न म्हणजे डाळतांदळाची तुपातली खिचडी. आणि इंग्रजांस तर रोज मांस हवे. त्यांच्यासाठी बकऱ्याचे मांस पुरविणारा म्हातारा खाटीक अखेर स्वतः गड चढून आला. आपण कित्येक वर्षांत विकले नसेल इतके मांस ज्यांनी थोड्या दिवसांत फस्त केले, ते लोक दिसतात तरी कसे, हे त्यास पाहावयाचे होते! ही हकीकत डॉक्टर जॉन फ्रायरच्या १६९८ साली छापलेल्या ग्रंथात आली आहे. ती वाचून मराठे मांस खात नसत असा निष्कर्ष कोणी काढील तर तो फसेल. गडावर त्या वेळी सोहळा होता, ब्राह्मणांची दाटी होती, आणि वकिलातीस जे ताट मिळाले ते त्या प्रसंगाचे ताट होते. गडाखालच्या वाडीत त्याच दिवशी काय शिजले हे ऑक्सिंडेनने पाहिले नाही. आम्हांस मात्र या हकीकतीत इंग्रजांपेक्षा तो म्हातारा खाटीकच अधिक आवडतो. प्रवासी येथील लोकांस पाहतो आहे असे आपण समजत असता, येथील एक मनुष्य प्रवाशास पाहण्यासाठी गड चढून येतो. नजर दोन्ही बाजूंनी असते. लेखणी तेवढी एका बाजूस होती.

दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. प्रवासी ओसरीपर्यंत येतो. माजघराचा उंबरठा त्यास ओलांडता येत नाही. पदार्थ त्याच्यापुढे येतो, पण तो कोणी रांधला, कशावर रांधला, तो रांधताना कोणते बोलणे झाले, हे त्यास ठाऊक नसते. जमीन कशी सारवितात हे देल्ला व्हाल्लेने पाहिले. सारविणाऱ्या बाईचे नाव त्याने पुसले नाही, आणि पुसले असते तरी ते त्यास मिळाले नसते.

मग माजघरातील साक्ष कोठे शोधावयाची? येथे आमच्या कायद्याचा अनुभव एक विचित्र गोष्ट सांगतो. रोजच्या जिण्यातील गोष्टी दोनच प्रसंगी सरकारी दप्तरात शिरतात: एक तर त्यांवरून तंटा झाला म्हणजे, किंवा त्यांवर बंदी घातली म्हणजे. बंदीचे उदाहरण गोव्यातच आहे. तेथील इन्क्विझिशनने १७३६ साली जे हुकूमपत्र काढले, त्यात नवख्रिस्ती लोकांनी काय करू नये याची लांबलचक यादी आहे. भात मिठावाचून शिजवून मागाहून मीठ घालू नये. अंगणात तुळस लावू नये. पुरुषांनी धोतर नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये. अनंत काकबा प्रियोळकर यांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या १९६१ च्या ग्रंथात या हुकुमांचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. ते हुकूम वाचताना राग येतो हे खरे. परंतु वकिलाच्या दृष्टीने त्यांत एक अनपेक्षित लाभ आहे. ज्या चालीरीती पुसून टाकावयाच्या होत्या, त्यांचीच ती बिनचूक यादी झाली आहे! भातात मीठ केव्हा घालावे हे कोणत्याही आजीने लिहून ठेविले नाही. ते तिच्या विरुद्ध बाजूच्या न्यायाधीशाने लिहून ठेविले. आणि बंदी घालावी लागली यावरूनच धर्म बदलल्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकघर बदलले नव्हते हे सिद्ध होते.

तंट्याचे उदाहरण घाटावरचे आहे. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनच्या आदेशाने दख्खनमधील जातीजातींच्या चालीरीती गोळा करण्यात आल्या, आणि आर्थर स्टील याने त्या १८२७ साली ग्रंथरूपाने मांडल्या. पुढे १८६८ साली मदुरेच्या कलेक्टरच्या प्रसिद्ध खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असे ठरविले की, हिंदू कायद्यात रूढी स्पष्टपणे सिद्ध झाली तर ती लिखित वचनाहूनही वरचढ ठरते. शास्त्राच्या पोथीपेक्षा लोकांच्या वहिवाटीस एवढा मान इंग्रजी न्यायासनाने दिला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु कोर्टात जी वहिवाट आली ती दत्तकाची, वाटणीची, मानपानाची आणि पूजेच्या हक्काची. ज्यावर कोणी भांडले नाही त्याची नोंद झाली नाही. चुलीवरून, सारवणावरून, लुगड्याच्या काठावरून दिवाणी दावा कोण लावणार? म्हणून जे सर्वांत अधिक लोकांनी, सर्वांत अधिक दिवस केले, त्याचाच पुरावा सर्वांत थोडा उरला.

आपल्या लोकांनी प्रवासवर्णने लिहिलीच नाहीत असे नाही. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले, आणि पुष्कळ वर्षांनी त्यांनी आपला वृत्तान्त लिहिला. तो चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. मूळ संहितेबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ साली. झाशीच्या राणीचा दिनक्रम, तिचा पोशाख, तेथील दानधर्म आणि लुटालूट यांचे वर्णन करणारा हा भिक्षुक देल्ला व्हाल्लेच्या पंक्तीस सहज बसेल. कोकणी मातृभाषेच्या धर्मानंद कोसंबींनी १९२४ च्या आपल्या 'निवेदना'त काशीच्या अन्नछत्रातील जेवणापासून सिंहलद्वीपातील विहारापर्यंतचा प्रवास कोणताही आव न आणता सांगितला आहे. परंतु हे दोघेही आपल्या घरापासून दूर गेले तेव्हाच त्यांस लिहावेसे वाटले. वरसईच्या घरात अथवा गोव्यातील आपल्या गावी रोज काय घडे, हे त्यांनी त्या तपशिलाने लिहिले नाही. परक्या मुलखात गेल्यावाचून आपणही पाहू लागत नाही.

या नियमास अपवाद वाटावा असा एक प्रसंग मात्र आमच्या बेळगावातच घडलेला आहे, आणि योगायोगाने तो एका वकिलाच्या घरात घडला. १८९२ च्या ऑक्टोबरात, सकाळच्या प्रहरी, कोल्हापूरच्या खासगी कारभाऱ्यांची चिठ्ठी घेऊन एक बंगाली संन्यासी सदाशिवराव भाटे या वकिलांच्या दारी आला. रिसालदार गल्लीतील ते घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. कारण तो संन्यासी म्हणजे स्वामी विवेकानंद. शिकागोची परिषद अद्याप वर्षभर दूर होती, आणि हे नाव अद्याप कोणास ठाऊक नव्हते. भाटे यांचे चिरंजीव त्या वेळी शाळकरी वयाचे होते. पुढे ते प्राध्यापक झाले, आणि त्या दिवसांच्या आठवणी त्यांनी लिहून ठेविल्या.

त्या आठवणींत तत्त्वज्ञान थोडे आहे आणि घर पुष्कळ आहे. म्हणूनच त्यांची किंमत आम्हांस अधिक वाटते. पाहुण्याचे वस्त्र भगव्या छटेचे होते, परंतु अंगात बनियन होती. संन्याशाने असले वस्त्र घालावे हे घरच्यांस चमत्कारिक वाटले. हातात दंडाऐवजी फिरावयास नेतात तशी लांब काठी होती. सामान म्हणजे कमंडलू, गीतेची लहान प्रत आणि एकदोन पुस्तके. पहिल्याच दिवशी जेवण झाल्यावर पाहुण्याने पानसुपारी मागितली. मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खाण्याची तंबाखू मागितली! विरक्त पुरुषाने तंबाखू मागावी, या गोष्टीने त्या ब्राह्मण घरात केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना आमच्या वाचकांस सहज करता येईल. पाहुणा ब्राह्मणही नव्हता आणि तरी संन्यासी होता, हे दुसरे कोडे. शाकाहारी की मांसाहारी, असे अखेर यजमानांनी विचारलेच. आपण परमहंस पंथाचे आहोत, समोर येईल ते खावे आणि काही न आले तर उपाशी राहावे असा आपला नियम आहे, असे उत्तर मिळाले. परधर्मीयांच्या हातचे चालेल काय, असेही कोणी पुसले. मुसलमानांच्या घरचे अन्न आपण अनेकदा खाल्ले आहे, असे त्यांनी सरळ सांगितले.

आता या घराने काय केले ते पाहावे. पाहुण्यास बाहेर काढले नाही. त्याचे पान वेगळे मांडल्याची तक्रार कोठे नाही. तंबाखू मागितली म्हणून मान कमी झाला नाही. उलट गावातील वकील, पंडित, अधिकारी त्याच घरात जमू लागले आणि वाद रंगू लागले. घरातील मुलगा जुन्या पद्धतीने अष्टाध्यायी पाठ करीत होता. तो म्हणताना चुकला की पाहुणा हसत हसत चूक दुरुस्त करी. ज्या मुलास तंबाखूचे नवल वाटले, त्यासच पाणिनीच्या सूत्रांचे नवल वाटले. दोन्ही नवले त्याने एकाच कागदावर लिहिली. पुढे स्वामींचे चरित्र लिहिणाऱ्या भाविकांस कदाचित पहिली गोष्ट गाळावीशी वाटली असती. घरच्या साक्षीदाराने ती गाळली नाही. न्यायासनापुढे आम्ही अशाच साक्षीदारास खरा मानतो. जो आपल्या बाजूस अडचणीचे तेही सांगतो.

या प्रसंगास दुसरा साक्षीदारही आहे. हरिपद मित्र हे बंगाली वनाधिकारी त्या वेळी बेळगावी होते. १८ ऑक्टोबरच्या संध्याकाळी वकीलसाहेब पाहुण्यास घेऊन त्यांच्या बंगल्यावर गेले. मित्रांस प्रथम वाटले की, हा काहीतरी मागावयास आलेला असणार! मग बोलणे होता होता त्यांचे मन पालटले, आणि महाराष्ट्रीय घरात बंगाली मनुष्याचे खाण्यापिण्याचे हाल होत असतील असे समजून त्यांनी आपल्याकडे राहण्याचा आग्रह केला. स्वामींनी दिलेले उत्तर आम्हांस त्यांच्या पुढील अनेक व्याख्यानांइतकेच मोलाचे वाटते. वकिलांच्या घरी मी सुखात आहे. सर्वजण माझ्यावर प्रेम करितात. बंगाली मनुष्य भेटताच मी निघून गेलो तर त्यांस वाईट वाटेल, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फराळास बोलाविले असता ते वेळेवर आले नाहीत, म्हणून मित्र स्वतः भाट्यांकडे गेले. पाहतात तो सभा भरलेली, आणि पाहुणा प्रश्नोत्तरांत गुंतलेला. नंतर स्वामी काही दिवस मित्रांकडे किल्ल्यातील बंगल्यात राहिले. तेथे मित्रांच्या आग्रहावरून बेळगावच्या एस. महादेव आणि पुत्र या छायाचित्रकारांनी त्यांचे चित्र घेतले. महिनाअखेरीस ते आगगाडीने गोव्याकडे गेले. मार्मगोव्याचा लोहमार्ग १८८८ साली सुरू झाला होता. लिन्शोतेनच्या 'बालागाटा'वरून गोवा आता एका दिवसाच्या अंतरावर आला होता. मडगावास सुब्राय नायक यांच्या घरी ते उतरले, आणि राशोलच्या ख्रिस्ती विद्यालयातील ग्रंथ त्यांनी पाहिले. त्याच १८९२ साली लंडनच्या हाक्लूट संस्थेने देल्ला व्हाल्लेच्या हिंदुस्थानातील पत्रांची इंग्रजी आवृत्ती काढली होती. एकीकडे परक्याची जुनी साक्ष छापली जात होती, दुसरीकडे घरची नवी साक्ष एका मुलाच्या डोळ्यांत साठत होती. आणि दोहोंस एकमेकांची वार्ता नव्हती.

तरीही या उत्तम साक्षीत एक जागा मोकळी राहते, ती आम्ही झाकू इच्छीत नाही. भाट्यांच्या घरी त्या दिवसांत स्वयंपाक कोणी केला? सभा भरे तेव्हा चूल किती वेळा पेटे? बंगाल्यास भात अधिक लागतो हे प्रथम कोणाच्या ध्यानात आले असेल? तंबाखूची गोष्ट ऐकून माजघरात काय बोलणे झाले असेल? यजमान, पाहुणा, पंडित, इंजिनिअर, साऱ्यांची नोंद आहे. ज्यांनी ते आतिथ्य प्रत्यक्ष उभे केले त्या बायकांचा शब्द नाही. परका प्रवासी उंबरठ्याशी थांबला तो नाइलाजाने. घरचा साक्षीदार आत होता, तरी त्याची लेखणी उंबरठ्याशीच थांबली.

आम्ही राहतो त्या वडगावास हे सारे उद्देशून का सांगावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, वडगाव-शहापुराची ओळखच मुळी अशा न लिहिलेल्या विद्येवर उभी आहे. हा विणकरांचा भाग. शेजारचे शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, आणि शहापुरी लुगड्याचे नाव दूरवर गेलेले होते. इलकलचे लुगडे, गुळेदगुड्डचा खण आणि शहापुरी काठ यांतील भेद आमच्या आजीच्या पिढीतील बाई पदर चिमटीत धरताच सांगत असे. लुगडे हे न शिवलेले वस्त्र. त्याची सारी रचना विणकराने काठापदरात आधीच योजून ठेवावयाची असते, आणि नेसणारीने ती निऱ्यांत उलगडावयाची असते. तो हिशेब कागदावर नव्हता. तो ताण्याच्या मोजणीत आणि विणकराच्या बोटांत होता. खड्डामागांची जागा आता बहुतेक यंत्रमागांनी घेतली आहे. कांडी भरणाऱ्या बायका, फणीतून सूत ओढणारी पोरे, धोट्याचा तो एकसुरी ठोका, हे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले ती माणसे उतारवयात आहेत. लग्नाच्या पंगतीतील मांडे उपड्या तापल्या कढईवर हातांनी पसरून करणाऱ्या बायकांचीही तीच गोष्ट. मंगाई देवीच्या जत्रेला घरोघर काय शिजते आणि कोणास प्रथम वाढतात, हे प्रत्येकास ठाऊक आहे. म्हणूनच कोणी लिहिलेले नाही.

आमच्या या भागात एकाच वस्तूस मराठीत एक, कानडीत एक आणि कोकणीत एक असे शब्द आहेत, आणि पुष्कळदा एकाच घरात ते तिन्ही चालतात. सीमा कोणाची यावर १९५६ पासून पुष्कळ शाई खर्च झाली आणि होत आहे. वकील म्हणून त्या वादाचे महत्त्व आम्ही जाणतो. परंतु न्यायासन उद्या कोणताही निवाडा देवो, मागाच्या एकेका भागाचे नाव, भाकरीच्या पिठाचे प्रमाण आणि सारवणाची रीत त्या निवाड्याने परत यावयाची नाही. ती आज ज्यांच्याजवळ आहे त्यांच्या तोंडूनच उतरवून घेतली पाहिजे. कायद्यात प्रत्यक्ष पाहिलेल्याचीच साक्ष धरतात. ऐकीव साक्ष सहसा ग्राह्य होत नाही. हा नियम येथेही लागू आहे. ज्यांनी पाहिले ते गेले की, आपणांपाशी ऐकीवच उरेल.

म्हणून या मासिकाच्या मराठी आणि कोकणी वाचकांस आमची एक साधी विनंती आहे. घरातील वडील बाईपाशी बसावे. तिचे एका दिवसाचे काम पहाटेपासून रात्रीपर्यंत तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. भांड्यांची, धान्यांची, वस्त्रांची नावे ती ज्या भाषेत सांगेल त्याच भाषेत ठेवावीत, सुधारू नयेत. वर्ष, गाव आणि सांगणारीचे नाव वर लिहावे. ती सांगेल त्यातील गैरसोयीचे काही गाळू नये. सारविणाऱ्या बाईचे नाव देल्ला व्हाल्लेस मिळाले नाही. आपल्यास ते अजून मिळू शकते, कारण ती आपल्याच घरात आहे.